फुकटचा गप्पी आणि बाराशेचा गप्पी: माशांचा भाव ठरतो तरी कसा?

गोदाकाठचा_बाप

नमस्कार मंडळी. मासे पाळण्यातलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या सोसायटीच्या कारंज्यात पाणी साचून राहतं. पावसाळ्यात महापालिकेच्या मलेरिया विभागाचा माणूस आला आणि बादलीतून गप्पी मासे सोडून गेला. डासांच्या अळ्या खातात. फुकट. चिरंजीवांनी (इयत्ता सहावी) त्यातले सहा चहाच्या गाळणीने पकडले आणि लोणच्याच्या बरणीत घालून घरी आणले. आई ओरडली, मग बरणी तिची राहिली नाही आणि मला फिशटँक बघायला जावं लागलं.

दुकानात एका टाकीवर पाटी: गप्पी, १२०० रुपये जोडी. मला वाटलं एक शून्य जास्त पडलंय. नाही पडलेलं. शेजारी निऑन, २५ ला एक. त्याच्याशेजारी कार्डिनल, मला हुबेहूब निऑनसारखाच दिसला, ९०. फायटर एका ग्लासात १५० चा आणि दुसऱ्या ग्लासात ६०० चा. आणि बोटभर लांबीचा चक्क 'शार्क', तो ४० रुपयांत!

भाजीचा भाव कसा ठरतो ते समजतं. आवक वाढली की पडतो, पाऊस लांबला की चढतो. माशांचं गणित काय? दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "साहेब, क्वालिटी." पुढे काही नाही. जाणकारांनी सांगावं.

सुरमईप्रेमी

मला माशाचा एकच भाव कळतो, आणि तो तळलेला की रश्श्यातला यावर ठरतो. पण धागा वाचतोय. जुन्या दुकानदारकाकांना कुणीतरी हाक मारा रे.

जुना_दुकानदार

हाक पोचली. पुण्यात पेठेत माझं दुकान होतं, २००३ ते २०१९. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात, त्यामुळे खरं बोलायला हरकत नाही.

"क्वालिटी" हे उत्तर मीही दिलं असतं. रविवारी संध्याकाळी दुकानात पंधरा माणसं, त्यातली चार पोरं काचेवर टिचक्या मारतायत, अशा वेळी दुसरं उत्तर सुचत नाही.

निऑनपासून सुरू करतो, कारण हिशोब स्वस्त माशातच उघडा दिसतो. माझा बराचसा माल चेन्नईहून यायचा. तिथे कोळत्तूर म्हणून भाग आहे, रंगीत माशांच्या धंद्यावरच चालणारा. काही माल कोलकात्याचा. रेल्वेच्या पार्सल डब्यातून थर्माकोलची खोकी यायची आणि मी पहाटे पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसात, हातात पावती घेऊन, आंब्याच्या पेट्या आणि मोटरसायकलींच्या मधे उभा. खोक्याला कान लावायचो. आत पिशव्या एकमेकींवर घासल्याचा चुरचुर आवाज आला तर ठीक. खोकं खालून ओलं लागलं की पोटात गोळा.

प्रत्येक पिशवीत तिसरा हिस्सा पाणी आणि वर सगळा ऑक्सिजन. पाठवण्याआधी मासे दीड-दोन दिवस उपाशी ठेवलेले असतात, म्हणजे प्रवासात घाण कमी करतात. तरी करतातच. आता गंमत ऐका. बंद पिशवीत मासे श्वास सोडत राहतात, त्या वायूने पाणी आंबट होत जातं, आणि आंबट पाण्यात अमोनिया तितकासा बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू निसटतो, आंबटपणा उतरतो आणि मघाशी निरुपद्रवी असलेला अमोनिया विषारी होतो. पहिलं वर्षभर मी पिशव्या उघडून तासभर टाकीत तरंगत ठेवायचो. म्हटलं लांबून आलेत, नव्या पाण्याची सवय होऊ दे. कित्येक निऑन माझ्या त्या मायेनेच मेले. नंतर शिकलो: बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवायचं, आणि मग उघडली की लगेच मासे जाळीने उचलून टाकीत, पिशवीचं पाणी मोरीत.

वहीतलं एक पान सांगतो. ५०० निऑन, ८ रुपयांनी, ४००० झाले. पॅकिंग, भाडं, हमाल, रिक्षा मिळून १५००. एकूण ५५००. पिशवीतच मेलेले ६०. पुढच्या दहा दिवसांत पांढरे ठिपके येऊन, कल्ले सडून, काही तर कारण न सांगता, आणखी ९०. उरले ३५०. म्हणजे आठचा निऑन विकायला उभा राहीपर्यंत मला पावणेसोळाला पडला. यात गाळ्याचं भाडं नाही, चोवीस तास चालणारे पंप नाहीत, टाक्या धुणारा पोरगा नाही. २५ ला विकला की गिऱ्हाईक म्हणायचं, काका, लुटता राव. तो त्या दीडशे मेलेल्यांचेही पैसे भरत होता, हे त्याला सांगून चाललं नसतं. कोण घेईल मग?

होलसेलवाला मेलेल्यांचे पैसे देतो का? फोटो पाठवला तर पुढच्या बिलात थोडे वळते करतो, मूड असला तर. एका नगाने मला डिस्कसच्या (हा महागडा मासा) अख्ख्या खोक्यावर "तुमचं पाणी खराब" म्हणून हात वर केले होते. मासे पुण्याच्या पाण्यात पडलेच नव्हते, पिशवीतच आडवे होते. असो. जुनी जखम आहे.

कार्डिनल आणि निऑन हुबेहूब नाहीत, परत जाल तेव्हा लाल पट्टा बघा. निऑनचा पट्टा पोटाच्या मध्यापासून मागे, अर्धाच. कार्डिनलचा डोक्याजवळून थेट शेपटीपर्यंत. निऑन किती वर्षांपासून फार्मवर निघतो, ब्रॉयलर कोंबडीसारखा झालाय. कार्डिनल मूळचा रिओ निग्रो भागातला. ब्राझीलमध्ये त्या नदीवर बार्सेलोस नावाचं गाव आहे, तिथले लोक होडीतून जाऊन हे मासे पकडतात आणि त्यावर घरं चालवतात. नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी, एकदम मऊ आणि आंबट. आता कार्डिनलही फार्मवर होतो, पण त्याचे नखरे जास्त, निऑनइतका सहज नाही निघत. आपल्या बोअरच्या पाण्यात तर पांढऱ्या खडूचा थर जमतो काचेवर, तिथे तो काय अंडी घालणार.

फायटरचं वेगळंच. एका जोडीची शेकड्यांनी पिल्लं निघतात, म्हणजे खरं तर तो मातीमोल असायला हवा. पण अडीच-तीन महिन्यांचे झाले की नर एकमेकांचे पर फाडतात. मग प्रत्येक नराला स्वतंत्र बाटली. दोनशे नर म्हणजे दोनशे बाटल्या, दोनशे वेळा पाणी बदलणं, दोनशे वेळा चिमूटभर खाणं. ते काम हाताचं आहे, मशीनचं नाही. तुम्ही ग्लासाचे १५० दिलेत तर त्यात मासा थोडा आणि बाटल्या धुण्याची मजुरी बरीच. ६०० वाला बहुतेक हाफमून असेल, शेपूट फुलवली की अर्धा चंद्र, पुरते १८० अंश. त्या दोनशेंतले मोजके असे उघडतात आणि त्यांच्यातही एखाद्याची किनार कुरतडलेली निघते. मादी मात्र ३० ला सुद्धा कुणी विचारत नाही, बिचारी.

आता श्रद्धेचा भाव. वास्तूसाठी नऊ गोल्डफिश हवेत, आठ सोनेरी आणि एक काळा, असं सांगत येणारे माझं निम्मं दुकान चालवत. लॉटमध्ये काळे जास्त आले तर पडून राहत, आणि कमी आले की लोक हातघाईवर येत. एका काकूंना मी म्हटलं, आठ काळे आणि एक सोनेरी न्या, निम्म्या भावात देतो. परत आल्या नाहीत.

फ्लॉवरहॉर्नने तर मला बुडवलं. हा निसर्गात नसलेला मासा, १९९० च्या दशकात मलेशियात संकर करून काढलेला, डोक्यावर टेंगूळ. टेंगूळ जेवढं मोठं तेवढा भाव. लोकांना त्याच्या अंगावरच्या काळ्या ठिपक्यांत चिनी अक्षरं दिसायची, मला कधी दिसली नाहीत. २००८ च्या सुमारास ताटलीएवढा नर मी ९००० ला घेतला आणि १४००० ला विकणार होतो. गिऱ्हाइकाने "पुढच्या आठवड्यात नेतो" म्हणत चार महिने लावले. तोवर शहरात जो तो घरच्या टाकीत फ्लॉवरहॉर्नची पिल्लं काढून ओएलएक्सवर टाकायला लागला. शेवटी २००० ला गेला, तेही सोबत फिल्टर फुकट दिला म्हणून. त्याच्या दाण्याचा हिशोब मी अजून बायकोला सांगितलेला नाही.

आणि तो चाळीस रुपयांचा शार्क घेऊ नका. तो पंगस आहे. हॉटेलात 'बासा' म्हणून जो फिले खाता तो याचाच भाऊबंद, बऱ्याचदा तोच. तळ्यात अंडी लाखांनी काढतात, म्हणून पिल्लू स्वस्त. वाढला की तीन-साडेतीन फूट होतो. मग लोक मध्यरात्री पिशवीत घालून नदीत सोडतात. टाकीची काच चाटणारा सकर मासा उजनी धरणात जाऊन पोचला तो असाच, आणि आता कोळ्यांची जाळी फाडतो.

काचेवरची_टिचकी

काका, लिहिलंय झकास, पण एक खटकलं. दीडशे मेलेल्यांचे पैसे गिऱ्हाइकावर टाकले की दुकानदाराला मरतूक कमी करायची गरजच काय? मीही पुण्याचाच. इथल्या एका दुकानात (नाव लिहीत नाही) रोज सकाळी मेलेले काढायची चाळणी काउंटरखालीच टांगलेली असते. नवा माल वेगळ्या टाकीत आठवडाभर ठेवत नाहीत, दुपारी आला की संध्याकाळी विक्रीला. म्हणजे ते नव्वद मासे दुकानात मरण्याऐवजी माझ्या घरी मरतात. भाव तोच.

जुना_दुकानदार

बरोबर आहे. शेवटची दोन-तीन वर्षं मीही तेच केलं. गाळ्याचं भाडं वाढलं होतं, ऑनलाइनवाले १८ ला निऑन द्यायला लागले होते. दहा दिवस टाकी अडवून ठेवणं परवडेना. जो दहा दिवस ठेवून विकतो त्याच्याकडे निऑन ३५ ला असेल आणि तो महागडा म्हणून बदनाम असेल. तुम्हाला असा सापडला तर त्याच्याकडूनच घ्या. ओळखायची खूण: "कधी आला माल?" विचारा आणि तो वार सांगतो का बघा. "परवाच" म्हणाला की समजा.

पंचगंगा_गप्पी

मूळ प्रश्न गप्पीचा होता, तेवढं मी घेतो. कोल्हापुरात गच्चीवर पत्र्याखाली माझ्या ४२ टाक्या आहेत. दिवसा नोकरी, रात्री गप्पी.

तुमच्या कारंज्यातला आणि दुकानातला, जात एकच. एकत्र सोडले तर पिल्लं होतील. सगळा घोळ तिथेच आहे. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, साधारण महिन्याला एकदा, वीस-तीस, कधी पन्नास. आणि नराचं बीज ती पोटात साठवून ठेवते. एकदा नर लागला की पुढे कित्येक महिने टाकीत नर नसला तरी पिल्लं चालूच. त्यामुळे रंगाची एखादी लाइन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तोच रंग देणारं घराणं, शुद्ध ठेवायची तर पिल्लं तीन आठवड्यांची व्हायच्या आत नर-मादी वेगळे करावे लागतात. रात्री साडेदहाला पांढऱ्या वाटीत एकेक पिल्लू घेऊन मोबाइलच्या टॉर्चवर बघतो. मादीच्या पोटाच्या मागच्या टोकाला काळसर डाग दिसतो. नराचा पोटाखालचा पर काडीसारखा लांबट व्हायला लागलेला असतो. एक नर चुकून माद्यांच्या टाकीत राहिला की त्या सगळ्या माद्या गेल्या कामातून.

मग निवड. शंभर पिल्लांतून मी आठ-दहा ठेवतो. पाठ वाकडी, शेपटीचा त्रिकोण एका बाजूला कमी, लालात मधेच पांढरा डाग, सगळे बाद. बाद झालेले शाळांना देतो, ओळखीच्यांना देतो, बंद हौदासाठी कुणी मागितले तर देतो. ओढ्यात, तळ्यात सोडायला देत नाही. पिल्लांना खायला आर्टेमिया लागतो, खाऱ्या पाण्यातले बारीक जीव. कोल्ड्रिंकची बाटली उलटी टांगायची, मिठाचं पाणी, खालून हवेची नळी. २४ तासांत तळाशी नारिंगी धुरासारखं काहीतरी हलायला लागतं, ते आर्टेमियाचे जीव. अंड्यांचा चांगला डबा अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकचा येतो आणि त्याच्या भावावर माझा महिना ठरतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं नाही, पण वीज पाच दिवस नव्हती. बॅटरीवरचे दोन एअरपंप होते. कुठल्या टाक्यांना लावायचे ते मी गच्चीवर उभा राहून ठरवलं. अल्बिनो फुल रेडची लाइन माझ्याकडे तेरा पिढ्या होती. त्यातल्या तीन माद्या वाचल्या. आज माझ्याकडे जे लाल गप्पी आहेत ते त्या तिघींचे. ते बाराशेला देतो का? देतो.

पण आता उलटी बाजू. २०१७ मध्ये थायलंडहून आलेल्या एका लाइनची जोडी मी ३५०० ला घेतली होती. आठ महिन्यांनी माझ्याकडे तिच्या साठ जोड्या होत्या. माझ्यासारखे घेणारे अजून दहा-बारा होते, त्यांच्याकडेही तेवढ्याच. पुढच्या वर्षी तीच जोडी ४०० ला, मग १५० ला. आता विचारायलाही कुणी येत नाही. आवक वाढली की पडतो, तुमच्या भाजीसारखंच. फक्त इथे कोथिंबीर गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन पुन्हा उगवते, म्हणून ज्याच्याकडे सहा महिने आधी नवीन रंग आला त्यालाच पैसे मिळतात. बाराशेची पाटी बघितलीत ना? दिवाळीपर्यंत थांबा, आठशे होईल.

घाटाखालचा

नोकरीनिमित्त सात वर्षं कण्णूरला होतो म्हणून एक जोड देतो. वर सगळं पैदाशीचं चाललंय, पण काही मासे थेट नदीतून यायचे. त्यातला एक 'मिस केरळ'. डेनिसन बार्ब. अंगावर काळा पट्टा, त्याच्यावर नाकापासून निघालेली लाल रेघ, शेपटीवर पिवळं-काळं. केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या मोजक्या नद्यांतच सापडतो. १९९७ मध्ये सिंगापूरच्या अ‍ॅक्वारामा प्रदर्शनात नव्या जातींमध्ये तिसरा आला आणि परदेशातून मागणी सुरू झाली. नद्या उपसल्या गेल्या. २००८ मध्ये केरळ सरकारने जून, जुलै आणि ऑक्टोबरात पकडायला मनाई केली. नंतर अभ्यासकांनी दाखवलं की तो अंडी घालतो ते महिने यात जवळजवळ येतच नाहीत! मग इंडोनेशियातल्या फार्मवाल्यांनी त्याची पैदास जमवली. आपल्याच नदीतला मासा तिकडून विकला जातो.

वळपट्टणम नदीच्या वरच्या अंगाला एका मासे पकडणाऱ्याबरोबर मी एकदा रात्री गेलो होतो. कमरेएवढ्या पाण्यात दगडांमधे जाळं लावून बसायचं. एका माशामागे त्याला जे मिळायचं त्यात टपरीवर दोन चहा आले असते. तोच मासा परदेशी साइटवर आपल्या हजार रुपयांच्या पुढे दिसायचा. मधले सगळे पैसे विमान, ऑक्सिजन आणि काकांच्या मेलेल्या दीडशेंत जात असतील, पण सगळेच नसावेत.

सुरमईप्रेमी

वाचनखूण साठवली. उद्यापासून बासा बंद. घरी पाळायचा मासा ताटात बघवणार नाही.

गोदाकाठचा_बाप

मंडळी, मनापासून आभार. काल पुन्हा त्याच दुकानात गेलो आणि "माल कधी आला?" विचारलं. "परवाच" म्हणाला. काका, तुम्हाला मनातल्या मनात नमस्कार केला. निऑन घेतले नाहीत. लाल पट्टा मात्र बघितला, खरंच अर्धा आहे.

पण एक लोचा झालाय. मी इथे धागा वाचत बसलो होतो तेव्हा चिरंजीवांनी आजीला पटवून ती बाराशेची लाल जोडी आणली. आणि कारंज्यातले सहा एकटे पडतील म्हणून सगळ्यांना एकाच टाकीत सोडलं. त्या सहांत नर किती ते माहीत नाही. बारीक, करडे, शेपटीवर एखादा नारिंगी ठिपका आणि दिवसभर त्या लाल मादीच्या मागे, एवढंच सांगू शकतो.

पंचगंगा_गप्पी

एवढं पुरेसं आहे. ते सगळे नर.

लगेच बाहेर काढा, तरी बहुधा उशीर झालाय. मादी दुकानातूनच पोटुशी आली असणार, त्यामुळे पहिली खेप लाल निघेल. दुसऱ्या खेपेपासून महापालिकेचा हिस्सा दिसायला लागेल. पिल्लं झाली की टाकीत झुडूप असू द्या, नाहीतर आईच खाते. आणि चिरंजीवांना दुसऱ्या खेपेचे फोटो इथे टाकायला सांगा, मला बघायचे आहेत.

गोदाकाठचा_बाप

सांगितलं. तो म्हणतोय, करड्यांमधला एक पण काढणार नाही, त्यांची नावं ठेवून झाली आहेत.